कंडिका ३.२.७

झाशी रोडवरच्या आमच्या कचेरीत
हिरव्या शाईला मान होता.
तिने फक्त एक बारीक खूण करायची
आकड्याच्या उजव्या खांद्यावर.
म्हणजे: पाहिलं.
खरं आहे, असं नव्हे.
हा फरक मला शितूतसाहेबांनी शिकवला,
पहिल्याच आठवड्यात, डबा खाता खाता.

कराहलला गेलो तेव्हा मे होता, लू चालली होती.
योजना: अंगणवाड्यांना तान्ह्या पोरांचे वजनकाटे.
दोनशे बारा घेतले, दोनशे बारा पोचले,
पावत्या सरळ, शिक्के गोल,
बेरीज इतकी स्वच्छ
की तिच्यावरून हात फिरवावा असं वाटे.

रजिस्टरात अनुक्रमांक चौदा. रामसिरी, वय दीड वर्ष.
जानेवारी, सात किलो चारशे.
फेब्रुवारी, सात किलो चारशे.
मार्च, तेच.
काटा कुठाय, मी विचारलं.
कपूरीबाईने कपाटावरून खोकं उतरवलं.
चिकटपट्टी कंपनीचीच, न फाटलेली.
माझ्यासमोर तिने ती विळ्याने कापली.
आत काटा, झोळी, हमीपत्र
आणि थर्माकोलचे दाणे, जे झळीबरोबर
ओसरीभर पळत सुटले.
पोरं त्यांच्यामागे धावली.
रामसिरी बसून राहिली.
"कोई सिखाने ही नहीं आया, मैडम."
पडताळणीच्या कागदावर मी तिची सही घेतली.

अकरा पानं लिहिली होती मी.
अकराची चार झाली, चाराच्या नऊ ओळी.
रामसिरी आधी 'एक बालिका' झाली,
मग 'नमुना तपासणीतील लाभार्थी',
मग टक्केवारीत गेली,
दशांश चिन्हाच्या पलीकडे.
मी कुरकुरले तर शितूतसाहेब म्हणाले,
विधानसभेत आकडा चालत जातो,
माणसाला पास लागतो.

अहवाल पटलावर ठेवला गेला
(पटल लाकडी असेल, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं)
अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, गोंधळात.
मग लोकलेखा समिती. मग निवडणूक.
मग समितीच नवी.
कंडिका रांगेत उभी राहिली,
रेशनच्या दुकानापुढच्या बाईसारखी,
नंबर जाईल म्हणून सावलीलासुद्धा न सरकता.

सात वर्षांनी भोपाळ.
आम्ही भिंतीकडच्या खुर्च्यांवर, फाइली मांडीवर घेऊन.
आम्ही बोलायचं नसतं, चिठ्ठी पुढे सरकवायची असते.
सचिव म्हणाले, काटे सर्वत्र वापरात आहेत,
निर्देश जारी झाले आहेत,
संबंधित कार्यकर्तीवर कारवाई केली आहे.
कपूरीबाई.
सही मीच घेतली होती.

अध्यक्ष विरोधी बाकांवरचे, म्हातारे, कानाने जड.
चष्मा कपाळावर सारून नऊ ओळी पुन्हा वाचत बसले.
मग, त्या ओळींत नसलेली मुलगी
त्यांनी कुठून काढली कोण जाणे,
"जिस बच्ची का वज़न तीन महीने नहीं बदला,
आज उसका वज़न कितना है?"

पानं उलटल्याचा आवाज.
सचिवांनी संचालकांकडे पाहिलं,
संचालकांनी मागे, मागच्याने आणखी मागे,
प्रश्न खुर्चीखुर्चीने सरकत आला
भिंतीपर्यंत.
माझ्या हातात चिठ्ठी होती.
कोरी.

'विभागाने तीन महिन्यांत माहिती सादर करावी',
एवढं इतिवृत्तात आलं.
त्यानंतर मी दोनदा बदलून गेले, परत आले, निवृत्त झाले.
तीन महिने अजून चालू आहेत.

दौलतगंजात भाजी घेताना
काटा पूर्ण थांबेपर्यंत मी पिशवी पुढे करत नाही.
मागचे लोक वैतागतात. भाजीवाला ओळखतो आता,
हसतो, बोट काढून दाखवतो पारड्यावरून.

रामसिरी सतरा वर्षांची असेल.
असेल.
हे क्रियापद आमच्या कचेरीत चालत नसे.
शितूतसाहेब त्याच्याखाली रेघ ओढायचे
आणि समासात लिहायचे,
आधार काय?